रिकाम्या जागेचा दगड

मराठी शिकविणाऱ्या माणसाने दगडधोंड्यांच्या वाटेला का जावे, हा प्रश्न या सदराच्या वाचकांना एव्हाना पडेनासा झाला असेल. शब्दाच्या मागे लागलेला माणूस कोठे जाऊन पोहोचेल याचा नेम नसतो. आता 'माक्षिक' हाच शब्द घ्या. मक्षिका म्हणजे माशी. मधमाशीही त्यातच आली. तिने साठविलेला मध तो माक्षिक. पण आपल्या रसशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत माक्षिक हे एका खनिजाचेही नाव आहे, आणि वैद्यमंडळींचे सुवर्णमाक्षिक ते हेच. आजचे खनिजशास्त्र त्याला चाल्कोपायराइट म्हणते. त्यात तांबे असते, लोह असते, गंधक असते; सोन्याचा मात्र नुसता रंग!

ग्रीक लोकांनी अशाच एका चकाकत्या दगडाला मधावरून नव्हे, तर अग्नीवरून नाव दिले. पोलादावर आपटला की त्यातून ठिणगी उडे, म्हणून तो पायराइट. लोह आणि गंधक यांचे ते संयुग. त्याचा रंग पाहून भल्याभल्यांना सोने सापडल्याचा भास झाला आहे. 'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही म्हण या दगडाला जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल.

या पायराइटला एक धाकटा भाऊ आहे. त्याचे नाव पायरोटाइट. हे नाव १८३५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने दिले. ज्वालेसारखी तांबूस छटा असलेला, असा त्याचा मूळ ग्रीक अर्थ. थोरल्या भावाचा डामडौल याच्यापाशी नाही. रंग काशाच्या वाटीसारखा, आणि हवेत राहिला की तोही काळवंडतो. अंगाने मऊ, पायराइटवर चाकूचा ओरखडा उठत नाही, याच्यावर उठतो. फुटक्या कपाच्या बुडासारख्या खरखरीत चिनी मातीवर घासला तर काळसर रेघ उमटते. हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर सडक्या अंड्याची दुर्गंधी सुटते. एकूण, कोणी खिशात जपून ठेवावा असा हा दगड नव्हे.

पण त्याच्याजवळ लोहचुंबक नेऊन पाहा. थोरला भाऊ ढिम्म हलत नाही. हा मात्र चुंबकाकडे ओढला जातो. दोघांच्याही अंगी लोह आणि गंधकच. मग एकाला चुंबकाची ओढ का, आणि दुसऱ्याला का नाही?

आठांत एक गैरहजर

या प्रश्नाने शास्त्रज्ञांना पुष्कळ काळ गुंतवून ठेवले. इंग्लंडमधील चार्ल्स हॅचेट या रसायनशास्त्रज्ञाने १८०४ साली या चुंबकी माक्षिकाचे पृथक्करण करून त्यावर निबंध लिहिला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील प्येअर वाइस याने पायरोटाइटचे स्फटिक घेऊन त्यांच्या चुंबकत्वाची बारकाईने मोजमापे केली. त्याला असे दिसले की, हा स्फटिक एका सपाटीच्या दिशेने सहज चुंबकित होतो. पण त्या सपाटीला काटकोनात कितीही जोर लावला तरी जवळजवळ दाद देत नाही. चुंबकत्वाविषयीचा जो सिद्धांत वाइसने १९०७ साली मांडला आणि जो आजही विद्यार्थ्यांना शिकवितात, त्याच्या मागे या ओबडधोबड दगडावरील कष्ट आहेत. खरा उलगडा मात्र त्याच्याच परंपरेतील लुई नेएल याच्या १९४८ सालच्या विवेचनाने झाला. नेएलला १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हा उलगडा समजण्यास पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही. गणेशोत्सवातील रस्सीखेच पाहिली असली म्हणजे पुरे. या दगडात लोहाच्या अणूंचे थर एकावर एक असे रचलेले असतात आणि त्यांच्यामध्ये गंधकाचे थर असतात. लोहाचा प्रत्येक अणू म्हणजे एक चिमुकला चुंबकच. एका थरातील सर्व अणू एका दिशेने ओढतात, तर त्याच्या शेजारच्या थरातील सर्व नेमके उलट दिशेने. दोन्ही बाजूंना गडी सारखे आणि जोरही सारखा. दोर जागचा हलत नाही. जितके गंधक तितकेच लोह अशा चोख हिशेबाचे एक खनिज आहेही. ते मुख्यतः उल्कापाषाणांत सापडते आणि त्याचे नाव ट्रॉयलाइट. इटलीत १७६६ साली पडलेल्या एका उल्केचे वर्णन लिहून ठेवणाऱ्या ट्रॉयली या धर्मगुरूचे हे स्मरण. त्याचा हिशेब चोख, म्हणून चुंबकाची ओढ नाही.

पायरोटाइटचा हिशेब मात्र चुकलेला असतो. त्याच्या सर्वांत चुंबकी प्रकारात गंधकाच्या आठ अणूंमागे लोहाचे सातच अणू असतात. आठव्याची जागा असते, पण तो नसतो. वर्गात एक बाक रिकामे राहावे तसे. आणि गंमत अशी की, ही गैरहजेरी सगळ्या थरांत सारखी वाटलेली नसते. ती एकाआड एक थरांतच असते. म्हणजे रस्सीखेचेत एकाच बाजूचे गडी कमी झाले. मग दोर दुसऱ्या बाजूला सरकणार नाही तर काय होणार? पायरोटाइटचे चुंबकत्व ते हेच. त्याच्याजवळ काही अधिक आहे म्हणून ते नाही. काही कमी आहे म्हणून ते आहे.

एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो, कारण पुढे ती लागणार आहे. सर्वच पायरोटाइट इतके चुंबकी नसते. त्याच्या काही प्रकारांत रिकाम्या जागा निराळ्या रीतीने विखुरलेल्या असतात. त्यांना चुंबक फारशी ओढ लावीत नाही. नाव एक, घराणे एक, पण स्वभाव वेगळा.

डोंगराची आठवण

हे चुंबकत्व सुमारे ३२० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. त्याहून अधिक तापविले की ते नाहीसे होते, आणि निवताना पुन्हा येते. ते परत येते तेव्हा त्या क्षणी पृथ्वीच्या चुंबकत्वाची जी दिशा असेल, ती दगडाच्या अंगी कोरली जाते. हिमालयाच्या उत्तरेकडील खडकांत असे पायरोटाइट आहे. पर्वत उचलला जाताना ते खडक तापले, मग हळूहळू निवले, आणि निवताना त्यांनी ती दिशा टिपून ठेवली. आज भूशास्त्रज्ञ त्या खडकांचे तुकडे आणून ती टिपणे वाचतात आणि कोणता भाग केव्हा निवला, कोणत्या बाजूला कलला, हे ताडतात. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातही अशी नोंद आहे. पण तेथील कारकून निराळा, त्याचे नाव मॅग्नेटाइट. त्याच्या नोंदींवरून भारताचा हा भूखंड एके काळी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता असे अनुमान १९५०च्या दशकात काढण्यात आले.

लोहाराची नजर

इतके सगळे झाले तरी व्यवहारी माणूस विचारणारच की, या दगडाचा उपयोग काय? खरे उत्तर असे की, स्वतःचा थोडा आणि संगतीचा फार.

कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात सडबरी नावाचे गाव आहे. १८८३ साली तेथून रेल्वेचा मार्ग काढला जात असताना टॉमस फ्लॅनगन नावाच्या रेल्वेच्या लोहाराला खडकावर गंजाच्या रंगाचा एक पट्टा दिसला. लोहाराची नजर ती! त्या गंजाखाली तांब्याचे आणि निकेलचे प्रचंड साठे निघाले. त्या साठ्यांत पुष्कळसा भरणा पायरोटाइटचा. निकेलचे खनिज त्याच्या कुशीत दडलेले. चुंबकी असल्यामुळे हा दगड उपकरणांना जमिनीखालूनही आपली चाहूल देतो, आणि म्हणून खाणी शोधणाऱ्यांचा तो जुना वाटाड्या आहे. धातुक काढल्यावर तेच चुंबकत्व त्याला निकेलपासून वेगळे करण्याच्या कामी येते. आपल्या स्वयंपाकघरातील चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये शेकडा आठच्या आसपास निकेल असते. त्या चकाकीच्या मागे कोठे तरी असा एखादा काळवंडलेला दगड उभा असतो.

पण संगतीचे मोलही द्यावे लागते. सडबरीत आरंभी धातुकाचे ढीग रचीत, खाली लाकूड पेटवीत आणि ते महिनोन्महिने धुमसत ठेवीत. गंधकाच्या धुराने झाडे मेली, माती वाहून गेली आणि उघडे पडलेले खडक काळे ठिक्कर झाले. १९७२ साली ३८१ मीटर उंचीचे धुराडे बांधले, तेव्हा गावाला थोडा मोकळा श्वास मिळाला. धूर मात्र दूरवर गेला. १९७८ पासून तेथे पुन्हा झाडे लावण्याचे काम चालू झाले आणि आजवर एक कोटीहून अधिक झाडे लावली गेली आहेत. एका पिढीने जाळले, ते पुढच्या पिढ्या लावीत बसल्या आहेत.

अमेरिकेत टेनेसी राज्यातील डकटाउनच्या तांब्याच्या खाणींतही हेच घडले. तेथील धातुकातही पायरोटाइट मुबलक. सुमारे १३० चौरस किलोमीटर मुलूख उजाड झाला. धूर शेजारच्या जॉर्जिया राज्यात गेला, तेव्हा जॉर्जियाने थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९०७ साली निकाल तिच्या बाजूने लागला. मग कारखानदारांनी तोच धूर कोंडून त्याचे गंधकाम्ल बनविण्यावर भर दिला. जे विष म्हणून हवेत सोडीत होते, ते माल म्हणून विकले जाऊ लागले. पायरोटाइटचा स्वतःचा म्हणावा असा उपयोग तो हा, त्याच्यातील गंधक.

घराच्या पायात

आता या दगडाची जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, तिच्याकडे वळतो. ती खाणीतली नाही, घरातली आहे.

ज्या रिकाम्या जागांनी या दगडाला चुंबकत्व दिले, त्यांनी त्याची बांधणीही कच्ची करून ठेवली आहे. हवा आणि पाणी मिळाले की पायरोटाइट पायराइटच्या वीस ते शंभर पट वेगाने झिजते असे प्रयोगांत आढळले आहे, आणि लोहाच्या या रिकाम्या जागा हे त्याचे एक मुख्य कारण मानले जाते. झिजताना त्याचा गंज होतो आणि गंधकाम्ल सुटते. सडबरीच्या लोहाराला दिसला तो गंज याच जातीचा.

हा दगड खडीत मिसळून काँक्रीटमध्ये गेला तर? ओल आत शिरते, हवा शिरते. आम्ल तयार होते आणि सिमेंटमधील चुन्याशी त्याची गाठ पडते. त्यातून जिप्सम बनते. मग सिमेंटमधील इतर द्रव्यांशी मिळून एट्रिंजाइट नावाचे सुईसारखे स्फटिक वाढू लागतात. हे नवे पदार्थ जुन्यापेक्षा अधिक जागा मागतात. काँक्रीट आतून फुगते, आणि फुगायला वाव नसला की फाटते. काम सावकाश चालते. दहा वर्षे, वीस वर्षे. मग एके दिवशी तळघराच्या भिंतीवर केसासारखी भेग दिसते. पुढे तिला फाटे फुटतात आणि भिंतीवर नद्यांचा नकाशा काढावा तसे जाळे पसरते. पांढरी भुकटी सुटते, गंजाचे डाग पडतात. शेवटी काँक्रीटचा तुकडा हाताने मोडता येतो.

अमेरिकेतील कनेटिकट राज्याच्या ईशान्य भागात नेमके हेच घडले. विलिंग्टन येथील एका खाणीच्या खडीत पायरोटाइट होते. तीच खडी १९८३ पासून पुढे सुमारे तीस वर्षे घरांच्या पायांत जात राहिली. तिकडे घर लाकडाचे असते, पण ते उभे असते काँक्रीटच्या तळघरावर. किती घरांना हा रोग लागला असेल याचा अंदाज हजारोंत आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात त्र्वा-रिव्हियेर या गावाच्या परिसरातही हजारो घरांचे पाये असेच गेले. तेथील न्यायालयाने २०१४ साली घरमालकांच्या बाजूने मोठा निकाल दिला.

या रोगावर औषध नाही. भेगा बुजवून, गिलावा करून, रंग लावून काही होत नाही. आतले फुगणे चालूच राहते. उपाय एकच. सबंध घर जॅकवर उचलून धरायचे, खालचा पाया फोडून काढायचा आणि नवा घालायचा. खर्च दीड ते अडीच लाख डॉलर. कित्येक कुटुंबांच्या आयुष्याची पुंजी त्या घरातच अडकलेली. विकायला काढावे तर घेणार कोण? राहावे तर कोणाच्या भरवशावर?

'कोसळणे' म्हणजे काय?

आणि येथे, वाचकहो, हा विषय पुन्हा माझ्या धंद्याच्या अंगणात येतो. घरांचा विमा होता. विम्याच्या कागदावर घर 'कोसळल्यास' भरपाई देण्याचे वचनही होते. मग वाद उभा राहिला तो एका क्रियापदावर. पाया दिवसेंदिवस भुसभुशीत होत आहे, पण घर अजून उभे आहे. ते कोसळले म्हणावे की नाही? घरमालक म्हणाले, ज्याचा पायाच गेला ते घर कोसळल्यातच जमा. विमा कंपन्या म्हणाल्या, आत माणसे जेवतखात आहेत, झोपत आहेत; हे कसले कोसळणे? कनेटिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले की, इमारत पडण्याचा धोका अगदी समोर येऊन ठेपला आहे, असे दाखविल्याखेरीज त्या शब्दाचा लाभ मिळणार नाही. जे घर वीस वर्षे थोडे थोडे मरत होते, त्याला त्या शब्दात जागा मिळाली नाही.

भाषा शिकविताना आम्ही मुलांना सांगत असतो की, शब्द काळजीपूर्वक वापरा. मुलांना ती मास्तरांची जुनी टकळी वाटते. वीस वर्षे हप्ते भरलेल्या माणसाला ती टकळी वाटणार नाही. व्याकरणाच्या पुस्तकात कोसळणे आणि खचणे ही दोन क्रियापदे शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदतात. व्यवहारात त्यांच्यामधले अंतर दोन लाख डॉलरचे असू शकते.

अखेर मदत आली ती शासनाकडून आणि शेजाऱ्यांकडून. राज्याने २०१७ साली यासाठी एक खास विमासंस्था उभी केली आणि २०१९ पासून तिने अर्ज घेण्यास आरंभ केला. घरविम्याच्या प्रत्येक पॉलिसीमागे वर्षाला बारा डॉलर अशी पट्टीही बसविण्यात आली. ज्यांच्या घराला भेग नाही, त्यांनीही ज्यांच्या घराला आहे त्यांच्यासाठी वर्गणी द्यायची. आपल्याकडे गावकीच्या कामाला घरटी पट्टी काढतात, तसलाच हा प्रकार. त्यातून सगळा खर्च निघत नाही, पण माणसे एकटी उरत नाहीत.

आपल्या खडीचे काय?

हे वाचून कोणी बांधकामावर लोहचुंबक घेऊन धावू नये. आपल्या काळ्या पाषाणाची बुकटी चुंबकाला चिकटेल, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळी वाळूही चिकटेल. ती करणी मॅग्नेटाइटची आणि त्याच्या भाऊबंदांची. तेथे भिण्याचे कारण नाही. उलट, जी खडी चुंबकाला चिकटली नाही ती निर्धोक, असेही म्हणता येत नाही. पायरोटाइटचे काही प्रकार चुंबकाला दाद देत नाहीत हे वर सांगितलेच आहे. खरी परीक्षा प्रयोगशाळेतली. खडीत गंधक किती आहे ते मोजणे आणि दगडाचा पातळ काप करून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. युरोपातील मानकाने खडीत एकूण गंधक सामान्यतः शेकडा एकपर्यंत चालवून घेतले आहे. पण पायरोटाइट असल्याचे कळले की ही मर्यादा एकदम दहापट खाली येते. म्हणजे शंभर किलो खडीमागे गंधक शंभर ग्रॅमपेक्षा अधिक नको. आपल्या भारतीय मानकातही, आयएस ३८३ या क्रमांकाच्या, खडीतील घातक द्रव्यांची नावे सांगताना माक्षिकाच्या या घराण्याचा उल्लेख आरंभीच केलेला आहे.

नियम कागदावर असतो आणि खडी डंपरमध्ये असते. दोघांची भेट घडविणे हे ज्याचे त्याचे काम. घर बांधणारा माणूस फरशीचा रंग दहा दुकाने फिरून ठरवितो, दाराची कडी वाजवून पाहतो, नळाची चकाकी बोटाने पुसून बघतो. खडी कोणत्या खाणीतून आली, तिची तपासणी झाली आहे काय आणि तिचा कागद कोठे आहे, हे विचारणारा विरळा. विचारले तर ठेकेदार क्षणभर चमकेल. चमकू द्यावे. कागद मात्र मागून घ्यावा.

दिवाळीच्या तोंडावर आपण घरांना रंग काढतो, भिंतींचे पोपडे खरवडतो, कोपऱ्याकोपऱ्यात पणती ठेवतो. एखादी जुनी भेग त्या उजेडात दिसते आणि आपण तीवर हात फिरवून पुढे जातो. बहुतेक भेगा निरुपद्रवी असतात; जुन्या घराच्या त्या सुरकुत्याच. पण भेग वर्षावर्षाला लांबत असेल, तिला फाटे फुटत असतील, तर रंगाऱ्याआधी एखाद्या जाणत्या इंजिनिअरला बोलवावे. त्याच्या भेटीचा खर्च फटाक्यांच्या माळेपेक्षा थोडा अधिक येईल, इतकेच.

वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो, आणि सर्वांच्या घरांचे पाये पक्के असोत.